वेदीजवळ उमेदवार बोलू शकतो का? आणि इतर प्रश्न

प्रश्न : पालिका निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार आमच्याच मंडळीचा सभासद आहे. रविवारच्या उपासनेनंतर त्याला वेदीजवळून दोन शब्द बोलू द्यावेत, असे कमिटीतल्या काहींचे म्हणणे आहे. लूथरन शिकवणीत हे बसते का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : बसत नाही, आणि कायद्यातही बसत नाही. पण यावरून राजकारण अपवित्र आहे, असा अर्थ कुणी काढू नये. लौकिक सत्तेविषयी मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाने (लूथरन मंडळी त्याच्याच शिकवणीवर उभी आहे) 1523 मध्ये लिहिले, त्याचा गाभा असा : देव जगाचा कारभार दोन प्रकारे चालवतो. शुभवर्तमानाने तो माणसाला विश्वासाकडे आणतो; कायदा आणि सत्ता यांनी दुष्टाला आवर घालून शेजाऱ्याचे रक्षण करतो. दोन्ही कारभार देवाचेच. म्हणूनच 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराचे, म्हणजे लूथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्याचे, सोळावे कलम ख्रिस्ती माणसाला अधिकारपद, न्यायाधीशपद मोकळे ठेवते, आणि अठ्ठाविसावे कलम या दोन अधिकारांची सरमिसळ करू नका, असे बजावते. तुमचा सभासद जरूर लढो. ती शेजाऱ्याची सेवाच आहे. मात्र वेदीवरून एका उमेदवाराची शिफारस झाली, की दुसऱ्याला मत देणाऱ्याला वाटते आपण प्रभूशीच बेइमानी केली. विवेकावर असे ओझे टाकण्याचा हक्क पाळकाला कुणी दिलेला नाही.

धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धचा 1988 चा कायदा प्रार्थनास्थळाची जागा आणि निधी, दोन्ही राजकीय कामाला वापरू देत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तेव्हा उमेदवाराने इतरांसारखे बाकावर बसावे. माईक, हार, आवारात पत्रके, मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचार, यांतले काहीही नको. बहुतेक वेळा घोटाळा होतो तो ‘फक्त आभार मानतो’ म्हणत माईक हाती घेतल्यावर. प्रार्थना करायची तर सगळ्या उमेदवारांसाठी करा. लूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत (विश्वास शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिकेत) प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजची भाकर’ या मागणीत चांगले सरकारही मोडते. प्रार्थनेला तेवढा आधार पुरे.

उमेदवारांना ऐकायचेच असेल, तर रहिवाशांनी स्वतःच्या नावाने बाहेरचा हॉल घ्यावा, सर्वांना बोलवावे, प्रत्येकाला सारखा वेळ द्यावा आणि प्रश्न आधी लिहून काढावेत : पाणी, नाले, दफनभूमीची जागा.

प्रश्न : सत्तेच्या अधीन राहा, असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मानायचा म्हणजे सरकारविरुद्ध बोलायचेच नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तसे नाही. आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराच्या सोळाव्या कलमातच अपवाद आहे : सत्तेने पाप करायला सांगितले, तर माणसांपेक्षा देवाचे ऐकावे (प्रेषितांची कृत्ये 5:29). जर्मनीतल्या काही प्रांतांत लूथरने भाषांतरित केलेला नवा करार सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला होता. लूथरचा सल्ला होता, एक पानही आपल्या हाताने देऊ नका. पण कुणी घरात घुसून जबरीने नेलेच, तर सोसा. नकार द्यायचा, पण हात उगारायचा नाही.

नाझी अमलाखालच्या नॉर्वेत लूथरन चर्च सरकारी होते; 1942 मध्ये तिथले बिशप बेर्ग्राव्ह व त्यांच्या सहकारी बिशपांनी सरकारी पद सोडले. ईस्टरला बहुसंख्य पाळकही त्याच वाटेने गेले. मंडळीची सेवा मात्र त्यांनी सोडली नाही. जर्मनीत कित्येकांनी दोन कारभारांच्या याच शिकवणीची ढाल करून गप्प राहणे पसंत केले. ते शिकवणीचे विकृत रूप होते, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

वाईट निर्णय आणि पापाचा हुकूम यांत फरक करा. नळाला पाणी नाही, रस्ता चुकीच्या जागी आखला, यावर हरकत, तक्रार, माहिती अधिकार, मोर्चा हे सगळे मार्ग खुले आहेत. आज्ञाभंग राखून ठेवा तो खोटी साक्ष द्यायला किंवा निरपराधाला छळायला सांगितले जाईल त्या वेळेसाठी.

प्रश्न : वाशीहून घणसोलीला राहायला आलो. मतदार यादीत नाव जुन्याच पत्त्यावर आहे.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नमुना 8 भरा, नमुना 6 नव्या मतदारासाठी असतो. पालिकेलाही विधानसभेचीच यादी वापरतात, तीही ठरावीक तारखेची. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहिलीत, तर मत वाशीतच राहील. नव्या प्रभागात चार जागा असतील, तर चार मते द्यायची असतात. एखाद्या जागेसाठी कुणीच पटला नाही, तर त्या जागेचे ‘नोटा’ बटण दाबा.