खालचा किरायदार त्रास द्यायलाय अन् मालक म्हणतो तुमचं तुम्ही बघा

ताई, तुमचं सगळं वाचलं. लातूरला वरच्या मजल्यावर किरायानं राहता, खाली त्याच मालकाचा दुसरा किरायदार, रात्री बारा-बारापर्यंत साऊंड, नळाला डायरेक्ट मोटार लावतो म्हणून वर पाणी चढत नाही, जिन्यात गाड्या आडव्या. अन् मालक म्हणायलाय, "तुमचं तुम्ही बघा, जमत नसंल तर खोली खाली करा". यात मालकाची काही जबाबदारी आहे का, हा तुमचा प्रश्न. आहे की. पण किती, ते त्रास देणारा कुणाचा माणूस यावर आहे.

शेजारच्या प्लॉटवरचा, स्वतःच्या घरात राहणारा कुणी असता तर तुमचा मालक तरी काय करणार, फार तर बोलून बघंल, अर्जावर सही करंल. तुमचं तसं नाही. दोघांचा किराया एकाच खिशात जातो, खालच्याला खोली त्यानंच दिली, म्हणजे लगाम त्याच्याच हातात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 मध्ये शेजाऱ्यापाजाऱ्याला उपद्रव देणारा भाडेकरू काढायचं कारण मालकाला सरळ दिलेलं आहे. ते वापरायचं का नाही हे तो ठरवणार, तुम्ही जबरदस्ती करू शकत नाही, पण "माझ्या हातात काय आहे" हे त्याला म्हणता येणार नाही. मी स्वतः नांदेडला खोल्या किरायानं देतो, त्याआधी बरीच वर्षं किरायदार होतो, त्यामुळं सांगतो, मालक न भांडणाऱ्यालाच जा म्हणतो कारण ते सोपं पडतं.

आधी पाण्याचं धरा, साऊंडचं नंतर. आपल्याकडं नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही अन् आला की तास-दीड तास, त्यात खालच्यानं मोटार लावली की तुमच्या तोटीतून पाणी यायचं सोडून हवा ओढल्याचा सूं-सूं आवाज येतो. तेव्हाच व्हिडिओ काढा, आधी तुमची तोटी, मग तसंच खाली जाऊन चालू मोटार अन् नळाला जोडलेला पाईप, एकाच व्हिडिओत, मधी कट नको. नळाला डायरेक्ट मोटार लावायला परवानगी नसते, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज दिला की पथक येऊन मोटार जप्त करू शकतं. अन् मालकाला म्हणा, नळाचं पाणी आधी खालच्या हौदात घे, तिथून एकाच मोटारीनं वरच्या टाकीत चढव, दोघांना टाकीतून लाईन दे. हे काम मालकाचंच आहे, किरायदाराचं नाही. निम्मी भांडणं तिथंच मिटतात बघा.

मालकाशी तोंडी बोलणं आता बंद करा. व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ टाकून लिहा, शिव्या नकोत, टोमणे नकोत, नुसतं काय झालं अन् तुम्ही काय करणार तेवढं. उत्तर नाही आलं तर तेच कागदावर लिहून स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. आजूबाजूला ट्यूशनची पोरं राहत असतील तर त्यांच्याही सह्या घ्या, त्यांच्या गावाकडच्या बापाचा एखादा फोन मालकाला जाऊ द्या. तीन-चार खोल्या एकदम रिकाम्या होतील ही भीती वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त काम करते.

साऊंडचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 ही कायद्यानं रात्र, रहिवासी भागात तेव्हा मर्यादा 45 डेसिबलची आहे, दिवसा 55. चालू असतानाच 112 ला लावा. पोलीस येतील, आवाज कमी होईल, ते गेले की परत वाढंल, तरी लावा, कारण कॉलची नोंद राहते. धमकी दिली, जिन्यात अडवलं तर ठाण्यात जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, तरी करून घ्या अन् कॉपी मागा. एनसीनं लगेच काही होत नाही हे खरंय, पण पुढं कागद लागतो.

तुमचा शंभराचा नोटरीचा बाँड आहे म्हणालात. आपल्याकडं सगळे तेच करतात, पण त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं करार लेखी अन् रजिस्टर पाहिजे, अन् रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, तुमची नाही. नाही केला तर 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, अन् वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगंल ते खरं धरतात, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. "खोली खाली करा" परत म्हणाला की हे शांतपणे कानावर घाला.

एक मात्र करू नका, किराया थांबवू नका. इथं बरेच जण तोच सल्ला देतात, मला अजिबात पटत नाही. किराया थकला की थकबाकीदार म्हणून काढायचं आयतं कारण मिळतं. दर महिन्याला फोन पे नाहीतर बँकेतून टाका, रोख नको. तुम्हाला घालवायला मालकानं स्वतःच लाईट-पाणी तोडलं तर त्याच कायद्याचं कलम 29 आहे, कोर्टातून परत जोडून घेता येतं. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

अन् शेवटी सोडायचंच ठरलं तर बाँडमधल्या मुदतीप्रमाणं लेखी नोटीस द्या, किल्ली देताना मीटरचा अन् भिंतींचा फोटो काढा अन् डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली सोडू नका.