1937 ची मुंबई विधानसभा: जागा कोणासाठी, मते कोणाची?

प्रश्न: आमच्या अभ्यासमंडळात 1937 च्या प्रांतिक निवडणुकीवर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार केवळ 1932 च्या पुणे करारात अस्पृश्यांसाठी ठरलेल्या राखीव जागांमुळे निवडून आले, असे काहींचे म्हणणे होते. संयुक्त मतदारसंघात सवर्ण मतदारच अधिक असल्याने राखीव जागांवरही काँग्रेसचेच उमेदवार यायला हवे होते, अशी शंका इतरांनी मांडली. यातले बरोबर काय समजावे?
(एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर: आपल्या मंडळातील शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पुणे करारात सापडत नाही. ते त्या निवडणुकीच्या मतदान पद्धतीत सापडते.

1935 च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती (काही खाती गव्हर्नरच्या, तर काही मंत्र्यांच्या हाती) संपुष्टात आणली, प्रांतिक कारभार कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवला आणि मताधिकार वाढवला. ब्रिटिश हिंदुस्थानातील मतदारांची संख्या सुमारे 70 लाखांवरून 3 कोटींच्या आसपास गेली. तरीही मताचा हक्क मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला राहिला, त्यामुळे बहुसंख्य प्रौढ माणसे, आणि त्यांतही स्त्रिया, मतदार यादीबाहेरच होत्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा होत्या. त्यांपैकी 114 सर्वसाधारण होत्या आणि त्यांतल्या 15 अनुसूचित जातींसाठी, तर 7 मराठा समाजासाठी राखीव होत्या. उरलेल्या जागा मुसलमान, युरोपियन, भारतीय ख्रिस्ती, व्यापारी, जमीनदार, कामगार, स्त्रिया अशा गटांत वाटलेल्या होत्या.

पुणे कराराने राखीव जागेवर उभे कोणी राहावे हे ठरवले, परंतु त्या उमेदवाराला मते देणारे त्या मतदारसंघातील सर्व सर्वसाधारण मतदार होते. अशा व्यवस्थेत बहुसंख्याकांना पसंत असलेलाच अस्पृश्य उमेदवार निवडून येण्याचा धोका उघड होता. मुंबई प्रांतात या धोक्याला काही अंशी बांध घातला तो संचयी मतदान पद्धतीने, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता तो याच कारणासाठी. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची त्याला मुभा असे.

समजण्यापुरता हिशेब करून पाहावा. तीन जागांचा मतदारसंघ आहे, त्यातली एक जागा राखीव आहे, मतदार 1000 आहेत आणि त्यांपैकी 300 अनुसूचित जातींचे आहेत. या 300 जणांनी आपली तिन्ही मते आपल्या उमेदवाराला दिली, तर त्याच्या पारड्यात 900 मते पडतात. उरलेल्या 700 जणांजवळ 2100 मते आहेत आणि ती त्यांनी आपल्या तीन उमेदवारांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला 700 मिळतात. राखीव जागेवरच्या प्रतिस्पर्ध्याला 900 च्या पुढे न्यायचे असेल, तर मोठ्या पक्षाला आपल्या इतर दोन उमेदवारांची मते कमी करावी लागतात आणि त्या जागा धोक्यात घालाव्या लागतात. हाच मतदारसंघ, हेच मतदार, पण एका उमेदवाराला एकच मत देण्याचा नियम लावला, तर राखीव जागेचा निकाल 300 विरुद्ध 700 असा लागतो. म्हणजे राखीव जागेने प्रतिनिधी कोणत्या समाजाचा असेल हे निश्चित केले, परंतु तो कोणाच्या पसंतीचा असेल हे मत मोजण्याच्या नियमाने ठरवले. माझ्या मते 1937 च्या सुधारणेतील हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

ऑगस्ट 1936 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि त्यांपैकी बहुसंख्य निवडून आले. मुंबईत भायखळा-परळ मतदारसंघातून बाबासाहेब विजयी झाले. तिथे काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू या नामवंत क्रिकेटपटूला उभे केले होते. आपल्या जिल्ह्यातून दादासाहेब गायकवाड विधानसभेत गेले. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे आणि 1935 च्या येवला परिषदेचे संघटन या जिल्ह्यात उभे होते, हेही विसरता येणार नाही, कारण आपली सर्व मते एकाच नावावर टाकण्याचा निरोप गावोगावच्या मतदारांपर्यंत पोहोचवायला आणि तो पाळला जायला शिस्तबद्ध संघटनाच लागते. शामराव परुळेकरांसारखे सवर्ण कार्यकर्तेही याच पक्षाच्या वतीने निवडून आले, म्हणून त्याचे यश केवळ राखीव जागांचे होते असे म्हणणे अपुरे ठरते.

स्वातंत्र्यानंतर संचयी पद्धत राहिली नाही. 1952 च्या द्विसदस्य मतदारसंघांत मतदाराला दोन मते होती, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. त्यामागे इतरही कारणे होती, तरी मतदान पद्धतीचा हा बदल चर्चेतून वगळू नये.

प्रश्न: इतक्या खटपटीने निवडून आलेल्या या सदस्यांना त्या कार्यकाळात प्रत्यक्ष काय साधता आले?
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: काँग्रेसला 175 पैकी 86 जागा मिळाल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. गव्हर्नरने आपले विशेष अधिकार वापरू नयेत, असे आश्वासन काँग्रेसला हवे होते आणि तोवर तिने सत्ता स्वीकारली नाही; त्यामुळे एप्रिल ते जुलै 1937 या काळात सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ राहिले आणि त्यानंतर काँग्रेसचे बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेतली.

सप्टेंबर 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत (कोकणात खोत नावाचा मध्यस्थ शेतकऱ्यांकडून सारा वसूल करी ती व्यवस्था) रद्द करणारे विधेयक मांडले. महार वतनासंबंधीचे (गावकामाच्या मोबदल्यात महारांना मिळणाऱ्या वंशपरंपरागत जमिनी व हक्कांसंबंधीचे) विधेयकही त्यांनी आणले. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील आणि इतर भागांतील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. तरीही विरोधी बाकावरून आलेल्या या विधेयकांचे कायदे झाले नाहीत. खोती नष्ट करणारा कायदा 1949 मध्ये झाला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होण्यासाठी 1958 उजाडले.

खेर मंत्रिमंडळाने काही केले नाही, असा याचा अर्थ नव्हे. लहान शेतकऱ्यांना आणि कर्जदारांना दिलासा देणारे कायदे, 1939 चा कूळ कायदा आणि सविनय कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनी परत करण्याचा कायदा ही त्याची भरीव कामे होत. मात्र संपाच्या हक्काला मर्यादा घालणारा औद्योगिक कलह कायदा त्याच सरकारने बहुमताच्या बळावर संमत केला, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्याविरुद्ध कामगारांचा मोठा संप झाला.

नाशिककरांना विशेष जवळचा वाटावा असा विषय 1938 च्या हरिजन मंदिर उपासना कायद्याचा आहे. त्या कायद्याने मंदिर खुले करण्याची विश्वस्तांना मोकळीक दिली, परंतु सक्ती केली नाही. ज्या शहरात माणसे वर्षानुवर्षे काळारामाच्या बंद दाराशी उभी राहिली, तिथे विश्वस्तांच्या इच्छेवर सोडलेला कायदा किती उपयोगाचा होता, हे वेगळे सांगायला नको. प्रवेशाचा हक्क कायद्याने मिळाला तो 1947 मध्ये.

प्रश्न: विधानसभेची मुदत पाच वर्षांची होती, मग पुढची निवडणूक 1946 मध्ये का झाली?
(एक विद्यार्थिनी, सिन्नर)

उत्तर: हिंदुस्थानी लोकांना न विचारता देशाला महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर 1939 च्या आरंभी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. गव्हर्नरने 1935 च्या कायद्याच्या कलम 93 खाली कारभार आणि कायदेमंडळाचे अधिकार स्वतःकडे घेतले. विधानसभा त्या वेळी विसर्जित झाली नाही, पण तिचे कामकाज थांबले आणि युद्ध संपेपर्यंत निवडणुका लांबणीवर पडल्या. त्यामुळे 1937 मध्ये निवडून गेलेल्या सदस्यांना खेर मंत्रिमंडळाच्या काळात सभागृहात काम करायला मिळाले ते जेमतेम सव्वादोन वर्षे.