भाऊंसाठी रस्त्यावर उतरताना

आमच्या नेत्यावर, भाऊंवर गुन्हा दाखल झाला म्हणून आम्ही रास्ता रोको केला. एसटीच्या काचा फुटल्या. मी दगड मारला नाही, तरी एफआयआरमध्ये माझं नाव आलं. वय २१, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. (दर्यापूर)

बाळा, आधी हे समजून घे. पाच किंवा जास्त जणांचा जमाव बेकायदेशीर ठरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० नुसार समान उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या अंगावर येतो. त्यात एसटी फोडली की १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा लागतो, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. म्हणून तू नेमका कुठे उभा होतास याचा पुरावा आजच धर. चौकातल्या दुकानाचा सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत पुसला जातो. वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याकडे त्याची लेखी मागणी कर आणि पोच घे.

भरतीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहू नकोस. गुन्हा नुसता दाखल झाल्याने उमेदवारी आपोआप जात नाही. लपवलेलं पडताळणीत सापडलं, तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. ‘लिहू नको, कोण बघतं’ असं सांगणाऱ्यांनी कितीतरी गुणी पोरांचं नुकसान केलंय, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलाला पैसे नाहीत. (आर्णी)

तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

सुनील केदारांना जामीन मिळाला, मग आमदारकी परत का नाही? (सावनेर)

जामीन म्हणजे सुटका, निर्दोषत्व नव्हे. केदार सावनेरचे आमदार होते; नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी जाते. अपिलाच्या निकालापर्यंत पद टिकवण्याची सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच काढली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली, दोषसिद्धी म्हणजे दोषी ठरवणारा निकाल नाही. पद वाचवायला दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. आणि बँकेतला पैसा ठेवीदारांचा होता, त्यात शेतकरीही होते; नेत्यावर प्रेम करताना त्यांनाही विसरू नका.

आंदोलनातले गुन्हे सरकार मागे घेणार म्हणे. भाऊंचाही जाईल? (चांदूर बाजार)

नुसत्या घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची संमती लागते. आजी-माजी आमदार-खासदारांवरच्या खटल्यांना तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाचीही परवानगी हवी. तुमचा खटला आधी निघू शकेल, पण आदेश हातात पडेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहा. पेरणी असली तरी. गैरहजर राहिलात तर वॉरंट तुमच्या दारात येईल, भाऊंच्या नाही.