शनिवारची सुई

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. गोळ्यांची मळमळ थांबेना म्हणून डॉक्टरांनी आपल्या संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचे इंजेक्शन लिहून दिले, सिस्टरांनी एकदा टोचून दाखवले, आणि त्यानंतर कुपी, सिरिंजा व कापूस एका डब्यात भरून तू दोन शनिवार तो डबा उघडलाच नाहीस, असे तू लिहितेस. मला याचे नवल वाटले नाही. मी स्वतः पहिल्यांदा पलंगाच्या काठावर सिरिंज धरून बसले तेव्हा स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, कुकर निवला, घरातल्यांनी दोनदा जेवायला हाक मारली, आणि तरीही सुई मांडीपासून चार बोटे दूरच होती. दुसऱ्याने टोचलेली सुई आपण लहानपणापासून सोसत आलेलो असतो. पण आपलाच हात आपल्या अंगावर सुई घेऊन निघाला की तो मध्येच अडतो. ही भीती आधी जाईल आणि मग आपण टोचू, अशी वाट पाहत बसलीस तर आणखी शनिवार जातील. भीती असतानाही हात चालावा यासाठी कामाचा क्रम पक्का बसवावा लागतो, आणि तो कसा बसवायचा हेच मला तुला लिहायचे आहे.

आधी राहिलेल्या दोन शनिवारांचे बोलू. ही गोष्ट डॉक्टरांना फोनवर सांग, आणि ‘विसरले’ असे न सांगता ‘हात उचलला नाही’ असेच सांग. म्हणजे सांधे का दुखू लागले याचा उलगडा त्यांना होईल आणि पुढचा डोस किती घ्यायचा हे ते ठरवतील. राहिलेला डोस पुढच्या डोसात मिळवून दुप्पट घ्यायचा नसतो. एखादा शनिवार कधी चुकलाच तर दोन दिवसांच्या आत घेता येतो, त्यानंतर तो सोडून द्यावा, असे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तुझ्या डॉक्टरांनाही ते विचारून ठेव. आपल्या आजारात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात, आणि चुकून रोज घेतल्यामुळे माणसे दगावलेली आहेत, म्हणून वार निश्चित असलाच पाहिजे. डॉक्टरांकडून कागदावर ‘दर शनिवारी’ असे स्पष्ट लिहून घे. मी शनिवारची रात्र निवडली ती दोन कारणांनी: दुसऱ्या दिवशी अंग जड झाले तर रविवार असतो, आणि सकाळी माझी बोटे इतकी आखडलेली असतात की कुपीचे झाकणही निघत नाही. तुझीही बोटे संध्याकाळी मोकळी होतात, असे तू मागे म्हणाली होतीस.

तुझ्या मैत्रिणीने नेटवर ‘कॅन्सरचे औषध’ असे वाचून तुला घाबरवले, त्याविषयी थोडे. तिने वाचले ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कॅन्सरमध्ये या औषधाचे डोस कितीतरी मोठे असतात, आणि आपल्याला आठवड्याला मिळतात ते थोडेसे मिलिग्रॅम. या औषधाच्या जन्माशी एका भारतीय माणसाचा जवळचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. आंध्रातील भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण त्याच्या कामात अडथळा आणणारी जी औषधे तेथे तयार झाली, त्यांत हे एक. त्याच्या भावंडातल्या ॲमिनोप्टेरिनने संधिवाताची सूज उतरते, असे १९५१ साली दिसले होते. तरी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत संधिवातासाठी रीतसर मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. फॉलिक ॲसिडची गोळी तुला वेगळ्या वारी का दिली आहे, हेही यावरून लक्षात येईल. ती गोळी चुकवू नकोस, आणि घाईगर्दीत दोन गोळ्यांची अदलाबदल तर मुळीच होऊ देऊ नकोस. आता तुझे मेथोट्रेक्सेट इंजेक्शनातून आहे, तेव्हा घरात उरलेल्या त्याच्या जुन्या गोळ्या आजच बाजूला काढ.

गोळी सोडून सुई कशासाठी, असेही तू विचारले आहेस. डोस साधारण १५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की गोळीतले औषध आतड्यातून त्या प्रमाणात शोषले जात नाही, तर कातडीखाली दिलेले औषध नीट पोहोचते, आणि पुष्कळांची मळमळही त्यामुळे कमी होते. सगळ्यांची होतेच असे नाही. माझी झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, तिच्याकडे येते. तुझ्याकडे कुपीतून औषध ओढून घेण्यासाठी इन्सुलिनच्या सिरिंजा दिल्या आहेत. आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाच्या सिरिंजेवर १ मिलीचे ४० भाग पाडलेले असतात आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंजेवर १ मिलीचे १०० भाग. हे भाग इन्सुलिनची युनिटे मोजण्यासाठी असतात. त्यांचा मेथोट्रेक्सेटच्या मिलिग्रॅमशी काडीचाही संबंध नाही. मी ३२ वर्षे शाळेत गणित शिकवले, आणि तरीही येथेच चुकले. माझ्या कुपीत १ मिलीला २५ मिलिग्रॅम औषध होते आणि डोस १५ मिलिग्रॅम होता, म्हणजे ०.६ मिली. लाल टोपणाच्या सिरिंजेवर ते २४ च्या रेघेपर्यंत येते, म्हणून मी ‘चोवीस’ हा एकच आकडा पाठ करून ठेवला. पुढे एकदा औषधाच्या दुकानात लाल टोपणाच्या संपल्या होत्या, दुकानदाराने नारिंगी टोपणाच्या दिल्या, ‘त्याच आहेत’ असे तो म्हणाला, आणि मीही पाहिले नाही. चोवीसपर्यंत ओढून मी तीन शनिवार निम्म्याहूनही कमी, म्हणजे ६ मिलिग्रॅम औषध घेत राहिले. मनगटे सुजली, पदराला पिन लावता येईना, आणि डॉक्टर औषध बदलण्याच्या विचारात होते. त्यांनी सिरिंज दाखवायला सांगितली म्हणून चूक उमगली. दुकानदारावर मी बराच काळ राग धरला होता, पण पाठ केलेला आकडा माझाच होता.

माझी चूक कमी औषधाच्या बाजूची होती, म्हणून केवळ सांध्यांवर निभावली. उलट बाजूची चूक याहून वाईट असते. समज, एखादीला त्याच कुपीतले १० मिलिग्रॅम घ्यायचे आहेत; नारिंगी टोपणाच्या सिरिंजेवर ते ४० च्या रेघेपर्यंत येते. तिने लाल टोपणाची घेऊन ‘चाळीस’पर्यंत ओढले, तर पूर्ण १ मिली, म्हणजे २५ मिलिग्रॅम औषध अंगात जाईल. म्हणून रेघेचा आकडा पाठ करूच नकोस. मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची सिरिंज दुकानात माग. तिला ट्युबरक्युलिन सिरिंज म्हणतात. ती मिळाली की ०.६ म्हणजे ०.६, मध्ये भाषांतर नको. तिची सुई किती लांबीची लावायची ते सिस्टरांना विचारून घे. कुपीही दर वेळी वाच, कारण निरनिराळ्या कुप्यांत १ मिलीमागे औषधाचे प्रमाण वेगळे असू शकते, आणि दुकानदार एका कंपनीची नसली तर दुसऱ्या कंपनीची सहज देतो.

प्रत्यक्ष टोचण्याचे काम याहून सोपे आहे. हात साबणाने धू आणि उजेडात, टेबलाशी बस. पलंगावर नको, कारण पलंगावर सगळे घरंगळते. औषध पिवळे पण स्वच्छ दिसायला हवे. कुपीचे रबर स्पिरिटच्या कापसाने पुसून वाळू दे, जितके औषध ओढायचे तितकी हवा आधी सिरिंजेत घेऊन कुपीत सोड, मग कुपी उलटी धरून औषध ओढ. आत बुडबुडे दिसले तर सिरिंजेला टिचकी मारून ते वर आण आणि परत कुपीत ढकल. कातडीखालच्या इंजेक्शनात बारीक बुडबुड्याने जिवाला धोका नसतो. तो काढायचा एवढ्यासाठी की त्याने अडवलेल्या जागेइतके औषध कमी पडते. पुढे कधी तयार भरलेली सिरिंज मिळाली, तर तिच्यातला बुडबुडा काढण्याच्या नादात औषध सांडू नकोस. तिच्या कागदावर लिहिले असेल तसेच कर.

जागा मांडीची पुढची बाजू किंवा पोट. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून. जिथे काळेनिळे, लाल, कडक किंवा व्रण असेल ती जागा टाळावी. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात शनिवारच्या चौकोनात ‘उ. मां.’ किंवा ‘डा. पो.’ असे लिहिते, म्हणजे एकच जागा लागोपाठ येत नाही आणि डोस घेतला की नाही हा संशयही उरत नाही. जागा स्पिरिटने पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत थांब. पहिल्या वेळी जी आग होते, ती पुष्कळदा सुईची नसून ओल्या स्पिरिटची असते.

मग डाव्या हाताने कातडीची घडी चिमटीत धर, उजव्या हाताने सिरिंज पेन्सिलीसारखी धर, आणि सुई सरळ, एका दमात आत जाऊ दे. तू सडपातळ आहेस, तेव्हा कोन किती ठेवायचा हे सिस्टरांनी दाखवले तसेच कर. सुईत दोरा ओवताना आपण श्वास रोखतो, तसा येथे रोखू नकोस. श्वास सोडता सोडता टोच. हळूहळू खुपसण्याने दुखणे कमी होत नाही, वाढते. टोचून झाल्यावर मात्र काही घाई नाही. आपल्यासारख्यांचा अंगठा दट्ट्या दाबताना कळवळतो, म्हणून मी सुई आत गेल्यावर चिमटी सोडते, डाव्या हाताने सिरिंज स्थिर धरते आणि उजव्या तळव्याच्या मांसल भागाने दट्ट्या सावकाश दाबते. पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजून सुई बाहेर काढ. रक्ताचा थेंब आला तर कापूस नुसता दाबून धर, चोळू नकोस.

हे सगळे पहिल्यांदा एकटीने करू नकोस. हॉस्पिटलात जाऊन सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने एकदा टोच; त्यांनी टोचलेले पाहणे आणि त्यांच्या देखत आपण टोचणे यांत फार अंतर आहे. त्याआधी साधे पाणी भरून एखाद्या मोसंब्यावर हात बसव. मोसंबे नंतर खाऊ नकोस, एवढे सांगायला नकोच.

सुईचे टोपण परत लावण्याच्या फंदात पडू नकोस. बोटात शिरते ती तेव्हाच. फिनेलचा रिकामा, जाड प्लॅस्टिकचा डबा शेजारीच ठेव आणि सिरिंज सरळ त्यात टाक. तो डबा घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात द्यायचा नाही. वापरलेल्या सुया हा घरगुती घातक कचरा आहे, असे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते, आणि नियम नसता तरी आपली पिशवी उघड्या हातांनी निवडणाऱ्या बाईचा विचार करावाच लागला असता. मी भरलेला डबा झाकण चिकटवून तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलात देते. उरलेले औषधही मोरीत ओतायचे नाही. आणि कुपीवर ‘एकदाच वापरा’ असे छापलेले असेल तर उरलेले पुढच्या शनिवारसाठी राखायचेही नाही, कितीही जिवावर आले तरी. अंगावर सांडले तर साबण-पाण्याने धू. फ्लॅटमध्ये कोणी गरोदर मैत्रीण राहायला आली, तर तिला यातल्या कशालाही हात लावू देऊ नकोस. कुपी उजेडापासून दूर कपाटात ठेव. बायोलॉजिक नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या औषधांची इंजेक्शने घेणाऱ्यांना ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, आणि गावाकडे भारनियमन सुरू झाले की त्यांचा जीव फ्रिजमध्ये अडकतो. तुझी त्या कटकटीतून सुटका आहे.

ताप आला, तोंड आले, कोरडा खोकला किंवा दम लागू लागला, तर त्या शनिवारी सुई न घेता डॉक्टरांना फोन कर. इतर कोणत्याही डॉक्टरकडे गेलीस तर हे औषध चालू आहे असे आधी सांग, विशेषतः लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल लिहून देत असतील तर. ही जोडी धोक्याची आहे. रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा चुकवू नकोस, त्यांत यकृत आणि रक्तपेशी यांच्याकडे पाहिले जाते. आणि घरात तुझ्या लग्नाचे बोलणे चालले आहे, म्हणून संकोच न करता लिहिते: हे औषध चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मूल हवे असेल तेव्हा काही महिने आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते. ही गोष्ट होणाऱ्या नवऱ्यालाही माहीत असू दे.

डॉक्टरांशी बोलणे झाले आणि सिस्टरांसमोर एकदा टोचून झाले की पुढच्या शनिवारी रात्री साडेआठला मला फोन कर आणि फोन स्पीकरवर टेबलावर ठेव. मी काही बोलणार नाही, नुसती बसून राहीन. पण टोचण्याआधी कुपीवर १ मिलीला किती मिलिग्रॅम लिहिले आहे आणि हातातल्या सिरिंजेवर मिलीच्या खुणा आहेत की युनिटांच्या, एवढे मला मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
काकू