पोर्टफोलिओ: आधी काय काढून टाकायचं ते ठरव

भावा, तुझी फाईल बघितली. चाळीस कामं, आणि त्यातली निम्मी मोबाईलमधल्या फोटोंवरून केलेली पोर्ट्रेट. ती आधी बाजूला काढ. हात सफाईदार आहे, पण त्यात तू कुठं दिसत नाहीस. बारा-पंधरा कामं बास झाली. एक कच्चं चित्र शेजारच्या दोन चांगल्या चित्रांना खाली ओढतं.

मग भरायचं काय? तालमीत जा. वस्तादांना विचारून कोपऱ्यात बस आणि मेहनत करणाऱ्या पोरांची स्केचेस कर. तिथं कुणी पोझ देत नाही, दोन मिनिटांत अंग पूर्ण फिरतं. पहिले आठ दिवस सगळं वाकडंच येईल. ती वाकडी पानंही ठेव. स्केचबुक बघणारे तेच शोधत असतात. आपल्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या म्हशी त्या मानानं सोप्या, निवांत उभ्या असतात! रंकाळा तलाव कर, पण राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय बघून मगच. निसर्गचित्रात काय गाळायचं ते तिथं कळतं.

कामांचे फोटो दिवसा, सावलीत काढ. फ्लॅश बंद, कॅमेरा चित्राला समांतर. माझ्या पहिल्या फाईलमध्ये ट्यूबलाईटनं तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याची तांबडी माती हिरवट झाली होती. कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदाला धरून ठेवणारा स्प्रे) मार, नाहीतर समोरच्या पानावर ठसा उठतो.

प्रत्येकाखाली माध्यम, आकार, साल लिही. आणि गुरूंनी हात फिरवलेलं ते स्थिरचित्र काढून टाक, लगेच ओळखू येतं.