जुन्या पोर्शे 911 चा (1973 ची 911 टी) हीटर नुसता कोमट येतोय, काय करू?

1973 ची 911 टी म्हणताय ना, मग त्यात रेडिएटर-कूलंट काही नसतंच, इंजिनचा पंखा हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून ढकलतो आणि तीच गरम हवा आत येते. आधी गाडी नीट जॅक स्टँडवर घ्या, एकाला सीटांमधला हीटरचा लिव्हर ओढायला सांगा आणि तुम्ही खालून फ्लॅप बॉक्स, म्हणजे गरम हवा आत सोडणाऱ्या झडपेचा डबा बघा, झडप गंजून अर्धीच उघडत असते किंवा केबल सैल झालेली असते, बहुतेक वेळा तिथंच सापडतं. मग गरम हवेचा होज (नळी) बघा, फाटलेला असला तर बदला, टेप नका गुंडाळू. आणि आत धुराचा वास आला तर हीटर लगेच बंद करा, एक्स्चेंजर सडला असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, जिवावर बेततं हो.