रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्यास खराब होत चाललेले मूत्रपिंड वाचते का?

आपल्या भावाच्या डाव्या मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी जिथे निघते तिथे अडथळा आहे, मूत्रपिंड फुगले आहे आणि स्कॅनमध्ये त्याचा एकूण कार्यातील वाटा २२ टक्के आला आहे, असे आपण लिहिले आहे. मूत्ररोगांचा सर्जन म्हणून मी हा अडथळा काढून मूत्रवाहिनी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे पायलोप्लास्टी, साध्या दुर्बिणीतूनही केली आहे आणि रोबोटच्या साहाय्यानेही. मूत्रपिंड वाचते ते अडथळा वेळेवर दूर झाल्यामुळे. रोबोटचे महत्त्व त्यानंतरचे.

तुंबलेल्या लघवीचा दाब दीर्घकाळ राहिला की रक्त गाळणारा थर पातळ होत जातो, आणि त्यातला जो भाग कायमचा निकामी झाला तो कोणत्याही यंत्राने परत येत नाही. म्हणून उरलेले कार्य टिकवणे हा पहिला हेतू. काही टक्के वाढले तर ती वरकमाई समजावी. वाटा साधारण १० टक्क्यांखाली गेला की मूत्रपिंड काढण्याचा विचार होतो, पण तेव्हाही आधी पाठीतून नळी घालून काही आठवडे लघवीला वाट द्यावी आणि मग पुन्हा तपासावे, असे माझे मत आहे. २२ टक्के वाचवण्याजोगे निश्चितच आहेत.

रोबोट उपयोगी पडतो तो टाके घालताना. अरुंद भाग कापून टाकल्यावर मूत्रवाहिनीचे तोंड रुंद करून ते पुन्हा मूत्रपिंडाला जोडावे लागते, आणि त्यासाठीचा विरघळणारा धागा अतिशय बारीक असतो. दुर्बिणीच्या ताठ अवजारांनी हे शिकायला वर्षे जातात. रोबोटची अवजारे मनगटासारखी वळतात, हाताचा कंप गाळला जातो आणि दृश्य त्रिमितीय व मोठे दिसते. यंत्र स्वतःहून काहीही करत नाही, ते चालवतो सर्जनच. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे यश ९० टक्क्यांहून अधिक आहे. त्यामुळे केवळ रोबोटसाठी अनेक महिने थांबणे मला पटत नाही. सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे मात्र निःसंकोच विचारावे.

जोड भरून येईपर्यंत मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, सहसा ४ ते ६ आठवड्यांनी काढतात; तो विसरून राहिला तर त्यावर खडे जमतात. सोनोग्राफीत फुगवटा पुढे कित्येक महिने दिसू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया फसली असे लगेच मानू नये. सुमारे ३ महिन्यांनी स्कॅन पुन्हा करून लघवीचा निचरा आणि कार्याचा वाटा पाहावा.